परसदारचा संतोष

सेनगाव तालुक्यातील एका लहानशा मंडळीत उन्हाळ्याच्या दिवसांत रविवारची उपासना चालली होती. आकाशातील पाखरांकडे व रानातील भूकमळांकडे लक्ष द्या, असे प्रभूने जेथे सांगितले आहे, तो डोंगरावरील प्रवचनाचा भाग उपदेशकबंधूंनी त्या दिवशी घेतला होता. आपल्या परसात जे उगवते व आपल्या लिंबावर जे येऊन बसते त्यात आनंद मानावा, थोडक्यात भागवावे, शेजाऱ्याच्या दारातील मोटारसायकल पाहून जीव जाळू नये, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. उपासना संपली, लोक उठू लागले. एक वृद्ध गृहस्थ मात्र बसल्या जागेवरूनच म्हणाले, "मास्तर, तुमचं खरं असंल. पण आमच्या बापालाबी हेच सांगत होते. हाय त्यात सुख मान म्हणून. सांगणारा मात्र वाड्यात बसून सांगत होता."

उपदेशकबंधूंस उत्तर सुचले नाही. त्यांनी ते प्रांजळपणे आम्हांकडे लिहून पाठविले व विचारले की, म्हाताऱ्याचे म्हणणे खोटे कसे म्हणावे, आणि ते खरे मानले तर तो शास्त्रभाग ह्या लोकांस कोणत्या तोंडाने सांगावा?

प्रश्न मोठा आहे. आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत बहुतेकांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहणारे होते. साधी राहणी त्यांनी निवडलेली नव्हती; ती त्यांच्यावर लादलेली होती. ज्याला दोन वेळा भाकरी मिळत नसे, त्याला अल्पसंतुष्टतेचा उपदेश करणे म्हणजे लंगड्याला सावकाश चालण्याचा उपदेश करण्यासारखे आहे. तेव्हा म्हाताऱ्याच्या बोलण्यास अश्रद्धा समजून जो कोणी झिडकारील, तो अन्याय करील, असे आम्हांस वाटते.

तथापि ज्या सुखाविषयी हा वाद आहे ते सुख तरी काय आहे, हे आधी पाहू.

सेनगावचा मुलूख काळ्या मातीचा व मधून मधून मुरमाड माळाचा आहे. वाशीमकडून येणारी कयाधू नदी ह्या बाजूने वाहत हिंगोली व कळमनुरीकडे जाते. ह्या भागात घर कितीही लहान असो, मागे चार हात जागा असली म्हणजे तिला परस म्हणतात, आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की त्या चार हातांत एक सबंध सृष्टी जागी होते. जूनच्या सात-आठ तारखेस मृग निघतो. त्याच्या आधीपासूनच पावशा पक्षी 'पेरते व्हा' म्हणून ओरडू लागलेला असतो. ओल्या मातीतून तांबडा मखमली किडा बाहेर येतो, व मुले त्याला तळहातावर घेऊन बसतात. लिंबाखाली पिकलेल्या लिंबोळ्यांचा सडा पडतो. साळुंक्या व बुलबुल त्यावर तुटून पडतात. आठ-दहा दिवसांत कुंपणाच्या कडेला तरोटा, घोळ, तांदुळजा, कुर्डू आपोआप उगवून येतात. ह्यांचे बी कोणी पेरलेले नसते व खतही कोणी घातलेले नसते. पेरणीपायी घरात रुपया उरलेला नसतो, नेमक्या त्याच दिवसांत कोवळ्या तरोट्याची भाजी भाकरीवर येऊन पडते, हा योगायोग आहे असे आम्ही म्हणणार नाही.

श्रावणात काटेरी कुंपणावर करटुली लागतात. दोडक्याचा वेल पत्र्यावर चढतो, भोपळ्याचा वेल त्याच्याशी भांडतो. आणि ज्या पत्र्याखाली वैशाखात बसवत नाही, तोच पत्रा वेलाच्या पानांखाली थंड राहतो. शिंपी पाखरू दोन पाने शिवून घर करते. त्या शिवणीकडे आम्ही पुष्कळ वेळ पाहिले आहे, व ती चोच सुईचे काम कशी करते ह्याचे आश्चर्य अजून गेले नाही. हस्ताचा पाऊस ओसरला की झेंडू भरास येतो. हिवाळ्यात शेपटी हालवीत परीट पाखरू अंगणात येते. ते उत्तरेकडून, हिमालयाच्या बाजूने आलेले असते, आणि आमच्या मोरीच्या ओलीवर किडे टिपीत फिरते. वालाच्या शेंगा, तुरीच्या शेंगा, कोवळे ऊन. फाल्गुनात माळावर पळस पेटतो, गावात हळद शिजविण्याचा वास भरतो, आणि चैत्रात लिंब फुलला की रात्री बाजेवर पडल्यापडल्या त्याचा मंद वास येतो. त्यानंतर दोन महिने परस ओसाड दिसते. परंतु राखेत घोळून गाडग्यात ठेवलेले बी घरातच असते.

कित्येक भक्तिमान बंधू ह्या सुखाकडे संशयाने पाहतात. फुलापाखरांत मन रमविणे हे जगिक आहे, असे त्यांचे मत. त्यांनी उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायाकडे पुन्हा एकवार पाहावे. देवाने एदेनात झाडे लावली ती कशी होती हे सांगताना दिसण्यात मनोहर असा गुण शास्त्राने प्रथम सांगितला आहे, व खाण्यास चांगली हा गुण मागून. ह्याच ओघात तुळशीविषयीही लिहितो, कारण आम्हांस ते वारंवार विचारले जाते. बाप्तिस्म्यानंतर काही घरांत परसातली तुळस उपटून टाकतात. पूजा सोडली हे ठीक झाले. पण झाडाने काय अपराध केला? खोकल्याला तिचा काढा देवाच्याच दयेने लागू पडतो. वृंदावन नको असेल तर ती वांग्याच्या शेजारी लावा.

आता म्हाताऱ्याच्या प्रश्नाकडे वळू. संतोष व सोशीकपणा ही दोन बाहेरून सारखी दिसतात. दोघांच्याही ओठांवर तक्रार नसते. म्हणून वाड्यात बसणाऱ्यास एकाच्या नावाने दुसरे विकता येते. ह्या दोहोंतील भेद प्रेषित पौलाच्या चरित्रात जितका स्पष्ट दिसतो तितका आम्हांस अन्यत्र दिसला नाही. ज्या पत्रात त्याने लिहिले की, कोणत्याही स्थितीत तृप्त राहण्यास मी शिकलो आहे, ते पत्र फिलिप्पैकरांस आहे, व ते त्याने बंदिवासातून लिहिले. आता त्याच फिलिप्पै शहरात पूर्वी काय घडले होते ते प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात पाहा. पौल व सीला ह्यांस चौकशीवाचून फटके मारून खोड्यात घातले. त्यांनी मध्यरात्री गीते गाइली. सकाळी अधिकाऱ्यांनी मुकाट्याने निघून जाण्यास सांगितले, तेव्हा पौल जाईना. आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हांस उघड मारले आणि आता गुपचूप घालविता काय? त्यांनी स्वतः येऊन आम्हांस बाहेर काढावे, असे त्याने बजाविले. आणि त्यांस यावे लागले. ज्या फिलिप्पैकरांनी तुरुंगातली गीते ऐकली व सकाळचा हट्टही पाहिला, त्यांनाच तो पुढे तृप्तीविषयी लिहितो. त्यांनी ते पत्र वाचून, अन्याय झाला तरी गप्प राहावे असा अर्थ खचित केला नसेल.

म्हणजे, संतोष हा मनुष्याच्या जवळ जे आहे त्याविषयी असतो. त्याच्यापासून जे हिरावले गेले त्याविषयी नसतो. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील लोक देवाची इच्छा म्हणून घरी बसले नाहीत. त्यांनी हाताला काम मागितले, भर उन्हात खडी फोडली, आणि त्या अनुभवातून पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रात झाला. त्या खडी फोडणाऱ्यांपैकी कोणी सायंकाळी पळसाच्या सावलीत बसून वाऱ्याने सुखावले असतील, तर त्यांच्या मागणीस त्यामुळे उणेपणा आला नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. परसबाग ही स्वभावतः निष्पाप वस्तू आहे असे कोणी समजू नये. अहाब राजाने नाबोथाचा द्राक्षमळा कशासाठी मागितला? भाजीचा मळा करण्यासाठी! राजवाड्याजवळ थोडी हिरवळ असावी, एवढीच त्याची इच्छा. आणि तिच्यापायी एका मनुष्यास दगडमार झाला. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याची साधी आवडही दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते. म्हाताऱ्याच्या बापास उपदेश करणाऱ्याच्या वाड्यामागेही, कोणी सांगावे, सुंदर बाग असेल, आणि तिला पाणी शेंदून घालणारे हात त्याच बापाचे असतील.

तेव्हा पहिला प्रश्न जागेचा आहे. ज्याला पाय रोवावयास भूमी नाही, त्याला परसाचे सुख सांगू नये. आधी त्याला परस मिळावे. हे आमच्या पूर्वीच्या मंडळींस ठाऊक होते. नारायण शेषाद्री ह्यांचे नाव पुष्कळ वाचकांनी ऐकले असेल. हे ब्राह्मण कुळातले. १८४३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, व पुढे निजामाच्या राज्यात जालना येथे काम केले. तेथे गावकुसाबाहेरच्या जातींतून जे ख्रिस्ती झाले, त्यांस नुसता उपदेश पुरणार नाही हे त्यांनी ओळखले. निजामाचे दिवाण सालारजंग ह्यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसविले. घरे बांधली, शेती केली. आपल्या घरामागे आपण लावलेले झाड उद्या कोणी उपटणार नाही, हा भरवसा त्या लोकांच्या पिढ्यांना प्रथमच आला असेल. बाबेलास धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने जे पत्र पाठविले, त्यातही घरे बांधा, मळे लावा व त्यांचे फळ खा असे सांगितले आहे. ते लोक परमुलखात होते, परसत्तेखाली होते. तरी मळा लावणे म्हणजे शरण जाणे नव्हे, आम्ही येथे मनुष्य म्हणून राहणार आहोत असे सांगणे होय, हे त्या संदेष्ट्याने जाणले होते.

येथे आम्हांस एका परदेशी ख्रिस्ती बंधूचीही आठवण होते. वीणा गवाणकर ह्यांच्या 'एक होता कार्व्हर' ह्या १९८१ साली निघालेल्या पुस्तकामुळे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी घरांत परिचयाचे झाले आहेत. सुमारे १८६४ साली अमेरिकेत गुलामाच्या पोटी जन्मलेला हा मनुष्य १८९६ मध्ये टस्कीगी येथील शाळेत शिक्षक होऊन आला. त्या भागातील काळे शेतकरी नावाला मुक्त, पण सावकाराच्या वहीत बांधलेले होते. घराच्या उंबऱ्यापर्यंत कापूस; भाजीला वीतभर जागा नाही. (आमच्या बाजूस आज पुष्कळ ठिकाणी भिंतीला लागून सोयाबीन उभे असते, ते पाहून हे वाक्य लिहिताना आमचा हात थबकला.) १९०६ पासून एक गाडी गावोगाव पाठवून त्यांनी लोकांस भाजी लावण्यास, मातीचा कस राखण्यास शिकविले. रानात फुकट उगवणाऱ्या भाज्या कशा ओळखाव्यात व रांधाव्यात ह्यावर त्यांनी १९४२ साली एक पुस्तिका काढली. ते सकाळी रानात फिरावयास जात व कोटाला एक ताजे फूल लावीत. ते फूल गरिबीवर चढविलेला मुलामा नव्हता. ज्याला जग गुलामाचा मुलगा म्हणे, तो आपण सृष्टिकर्त्याचा विद्यार्थी आहो असे म्हणत हिंडत होता.

परंतु येथेही आम्ही एक गोष्ट झाकून ठेवणार नाही. घराभोवती भाजी पिकली म्हणून त्या लोकांस मतदानाचा हक्क मिळाला नाही. त्यासाठी १९६५ साल उजाडावे लागले, आणि मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्यासारख्या पाळकांस व असंख्य साध्या लोकांस त्यापूर्वी तुरुंगात जावे लागले. भाजीने पोट भरले व मान ताठ राहिली; हक्क मात्र मागूनच घ्यावा लागला. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

दुसरा प्रश्न पाण्याचा आहे, व तो घरातल्या घरातला असल्यामुळे पुरुषमंडळी त्याविषयी सहसा बोलत नाहीत. परसातील मोगरा कोणाच्या डोक्यावरून येणाऱ्या पाण्यावर फुलतो? एका हंड्यात सुमारे पंधरा लिटर पाणी मावते. चैत्र-वैशाखात विहीर तळाला जाते तेव्हा असे हंडे आणावयास घरधनीण पहाटे उठते. धनी बाजेवर बसून पाखरांचे शब्द ऐकतो व म्हणतो, काय हे सुख! आम्ही ह्या सुखास ख्रिस्ती संतोष म्हणू शकत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांना महाराष्ट्र फुलांमुलांचे कवी म्हणून ओळखतो, आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी जे निष्कांचन जीवन पत्करले, त्याविषयी आम्हांस आदर आहे. पण लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास हेही कळते की, टिळकांचा हात सदा मोकळा, आणि घर कसे चालवावे ही चिंता लक्ष्मीबाईंची. मोठ्या माणसाचाही साधेपणा दुसऱ्या कोणाच्या तरी कष्टावर उभा असू शकतो. मग आमची काय कथा! ज्याला फुले हवीत त्याने स्वतः हंडा उचलावा. किंवा त्याहून बरे, भांडी विसळलेले पाणी एका आळ्यात वळवावे. शेवग्याला, अळूला व एखाद्या मोगऱ्याला तेवढे पुरते.

आणि पाणी खरोखरच संपले तर? समजा, शेजारणीच्या घरी पिण्यास घागर नाही, आणि आपल्या परसात दहा वर्षे जपलेला मोगरा सुकत आहे. योनाचे उदाहरण येथे नेमके लागू पडते. डोक्यावर सावली करणारा वेल वाळला म्हणून तो मरणाची इच्छा करू लागला, व समोर निनवे शहर होते त्याचे त्याला काही वाटले नाही. देवाने त्याला वेलाची कळवळ आली म्हणून दोष दिला नाही. ती कळवळ तेथेच का थांबली, एवढेच विचारले. मोगऱ्यावर ज्याचा जीव आहे, त्यालाच तो सुकू देणे म्हणजे काय हे कळते, आणि म्हणून शेजारणीस दिलेल्या त्याच्या घागरीस मोल आहे. पाखरांसाठी परळात ओंजळभर पाणी मात्र अशा दिवसांतही ठेवावे. तेवढ्याने कोणाचा घसा कोरडा राहत नाही.

उपदेशकबंधूंनी विचारले होते की, तो शास्त्रभाग कोणत्या तोंडाने सांगावा. आमच्या मते तो सांगावाच. पण कोणी कोणाला सांगितला हे विसरू नये. प्रभूने भूकमळे दाखविली ती डोके टेकावयास स्वतःस ठिकाण नसताना दाखविली. त्याच्यामागे वाडा नव्हता. शलमोनाच्या वैभवापेक्षा गवतफूल सुंदर आहे, हे त्याने राजाला सुनावले आहे. गरिबाला गप्प बसविण्यासाठी ते शब्द कोणी वापरले तर तो ते उलटे धरतो. आणि ज्या मनुष्यापासून परस, विहीर, वाट, सगळे हिरावले गेले होते, त्याच्याही डोळ्यांसमोर माळावरचा पळस पेटत होताच. वाड्याची मालकी त्यावर चालली नाही. म्हाताऱ्याच्या बापाने तो पाहिला असेल व क्षणभर उभा राहिला असेल. तो क्षण वाड्याने दिलेला नव्हता, म्हणून वाड्याच्या उपदेशाने तो खोटा ठरत नाही.

हे सर्व आम्ही त्या बंधूंस कळविले. त्यांचे जे उत्तर आले ते लहानसे आहे. ते त्या वृद्ध गृहस्थांच्या घरी गेले होते. मागे जेमतेम दोन खाटांची जागा. पण कुंपणाला दोडका, कोपऱ्यात शेवगा, आणि चुलीवरच्या फळीवर सहा-सात गाडगी, प्रत्येकात निराळे बी, वर राख. म्हाताऱ्याने एकेक उघडून दाखविले, व दर वर्षी मृगाआधी ते घरोघर थोडे थोडे वाटतो असे सांगितले. मग बोलता बोलता निघाले की, चाळीस वर्षे राहूनही ती जागा त्याच्या नावावर लागलेली नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये नाव नाही, आणि मुलाला घरकुलाचा अर्ज करता येत नाही. सोमवारी दोघे मिळून कागद घेऊन गेले. काम अजून झालेले नाही. पुढल्या सोमवारी पुन्हा बोलाविले आहे, आणि बंधू लिहितात की, परत येताना म्हाताऱ्याने त्यांच्या रुमालात दोडक्याचे बी बांधून दिले.